गंजाचे दात

निम्मे शरीर मांसाचे आणि निम्मे धातूचे असलेल्या प्राण्याची कल्पना यंत्रयुगातच जन्मली असे समजणे बरोबर नाही. युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूची जंघा बसवल्याचा उल्लेख ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात येतो. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला, तेव्हा त्याच्या नाटकातले रोबो लोखंडाचे नव्हतेच. ते एका कृत्रिम जैव द्रव्यापासून घडवलेले, जवळजवळ हाडामांसाचेच होते. सजीव देह आणि यंत्र यांची एकत्र व्यवस्था या अर्थाचा ‘सायबॉर्ग’ हा शब्द १९६० साली आला. तेव्हापासून विज्ञानकथांमध्ये अशा अर्धसजीव यंत्रप्राण्यांची गर्दी झाली असली, तरी त्यांच्या शरीररचनेचा विचार बहुधा वरवरचाच राहिला आहे. पोलादी जबडा मांसाच्या चेहऱ्यावर बसतो, शिरांच्या शेजारून तारा जातात, पण या प्राण्याला लोखंड कोठून मिळते, पिल्लाचा जबडा मोठा कसा होतो आणि झिजलेला दात कोण बदलतो, हे प्रश्न कथेत सहसा विचारले जात नाहीत. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तेच पहिले प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी परग्रहावर जावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते त्या दाभोळच्या किनाऱ्यासारखा कोकणातला कोणताही खडकाळ किनारा त्यासाठी पुरेसा आहे.

दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला गाड्या आणि माणसे नेणारी फेरीबोट लोखंडी आहे आणि खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूप्रमाणे तिचा गंजाशी रोजचा झगडा चालतो. गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगातून बनणाऱ्या अनेक खनिजांचे मिश्रण होय. त्यांतल्या एका महत्त्वाच्या खनिजाला, जर्मन महाकवी गटे याच्या नावावरून, गोथाइट म्हणतात. ज्या जांभा दगडाच्या चिऱ्यांनी कोकणातली घरे आणि गडगे उभे राहिले, त्या चिऱ्याच्या तांबूस-पिवळ्या रंगातही गोथाइटचा मोठा वाटा असतो. यंत्राच्या दृष्टीने हे खनिज म्हणजे ऱ्हासाची खूण आहे, कारण गंजलेला पत्रा ठिसूळ होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. परंतु भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर राहणारा एक लहानसा प्राणी याच खनिजापासून आपले दात घडवतो आणि ते दात आजवर मोजल्या गेलेल्या सर्वांत बळकट जैव पदार्थांत गणले जातात.

या प्राण्याचे नाव लिंपेट. गोगलगाईंच्या वर्गातल्या या प्राण्याचे कवच पिळदार नसून तंबूसारखे, शंकूच्या आकाराचे असते. ओहोटीला तो खडकाला इतका घट्ट चिकटून बसतो की अनोळखी नजरेला तो खडकाचाच फुगवटा वाटावा. भरतीच्या पाण्यात तो सरकत सरकत खडकावरचे शेवाळ खरवडून खातो आणि त्यासाठी त्याच्या तोंडात रेडुला नावाची फितीसारखी जीभ असते. तिच्यावर दातांच्या शंभराहून अधिक ओळी एकामागे एक बसवलेल्या असतात. स्वयंपाकघरातल्या खवणीची धार लांबलचक पट्ट्यावर मांडून तो पट्टा पुढे पुढे सरकता ठेवला, तर या अवयवाची कल्पना येईल. सर्वांत पुढच्या ओळी खडकावर घासून झिजतात आणि गळून पडतात, तर सर्वांत मागे नव्या ओळी सतत तयार होत असतात. नवा दात सुरुवातीला निव्वळ कायटिनचा असतो. कायटिन म्हणजे चिंबोरीच्या कवचात आणि कीटकांच्या अंगावर आढळणारा चिवट तंतुमय पदार्थ. मग हळूहळू, दात पुढे सरकत असताना, फेरिटिन नावाच्या प्रथिनातून आलेले लोह त्या जाळीत उतरते आणि गोथाइटच्या अतिसूक्ष्म सुया कायटिनच्या तंतूंच्या दिशेने वाढू लागतात. कामाच्या जागी पोहोचेपर्यंत दात पुरता खनिजमय झालेला असतो. एकाच फितीवर मागे मऊ आणि कोवळे, मध्ये अर्धवट खनिज झालेले आणि पुढे कठीण असे दातांचे सगळे वयोगट एका वेळी दिसतात, म्हणूनच धातूचा अवयव वाढतो कसा हे अभ्यासण्यासाठी याहून सोयीचा नमुना सापडणे कठीण आहे.

ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या आसा बार्बर यांच्या गटाने २०१५ साली युरोपीय लिंपेटच्या दातांचे सूक्ष्म नमुने ताणून पाहिले, तेव्हा त्यांची ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी सहन केलेला ताण, ३ ते ६.५ गिगापास्कल भरली. कोळ्याच्या रेशमाची ताणशक्ती एरवी नैसर्गिक बळकटीचे प्रमाण मानली जाते आणि हे आकडे तिच्याही वर जातात. याचे कारण खनिजात नसून त्याच्या मांडणीत आहे. कोणताही कठीण पदार्थ तुटतो तो त्याच्यातल्या एखाद्या दोषापासून, बारीक भेगेपासून. सुया जर इतक्या बारीक असतील की त्यांत घातक आकाराची भेग मावूच शकत नाही, तर पदार्थ आपल्या मूळ बळाच्या जवळ पोहोचतो. बोटीच्या पत्र्यावर गंज कसाही, कोठेही माजतो. लिंपेटच्या दातात तेच खनिज ठरलेल्या जाडीचे, ठरलेल्या दिशेचे आणि प्रथिनांच्या देखरेखीखाली वाढलेले असते. महाराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणारे लिंपेट ‘सेलाना’ या प्रजातीतले आहेत आणि त्या प्रजातीच्या जपानमधील जातींवरील अभ्यासातही दातांतले खनिज गोथाइटच ठरले आहे.

लिंपेटचा शेजारी कायटन हा त्याहून एक पाऊल पुढे गेला आहे. पाठीवर आठ तकट एकावर एक सरकलेले असलेला हा चपटा प्राणी आपल्या दातांच्या टोकांवर मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे, आवरण चढवतो. हे हाइन्झ लोवेनस्टाम यांनी १९६२ साली दाखवून दिले, तेव्हा सजीवाच्या शरीरात मॅग्नेटाइट बनू शकते हे प्रथमच कळले. काही कायटनांच्या पाठीवरच्या तकटांमध्ये शेकडो बारीक डोळे असतात आणि त्यांची भिंगे अ‍ॅरागोनाइट या चुनखडीच्या प्रकाराची, म्हणजे चक्क दगडाची असतात. कल्पित यंत्रप्राण्याच्या चिलखतात डोळे बसवणाऱ्या चित्रकारांना यापेक्षा धीट कल्पना सुचली असेल असे वाटत नाही.

धातूचे अंग मिळवणे हा प्रश्न असा सुटला, तरी वाढीचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक अवघड आहे. कठीण कवच आतून वाढणाऱ्या देहाबरोबर ताणले जात नाही. म्हणून चिंबोरीला कात टाकावी लागते आणि नवे कवच टणक होईपर्यंत ती मऊ, असहाय आणि पाण्याने फुगलेली असते. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे कोकणात म्हणतात. चंद्राचा भाग बाजूला ठेवला, तरी नुकतीच कात टाकलेल्या चिंबोरीत मांस कमी आणि पाणी जास्त असते, हे खरे आहे. कात टाकण्यात एक फायदाही दडलेला आहे: प्रत्येक वेळी संपूर्ण बाह्यांग नव्याने घडत असल्यामुळे जुनी मोडतोड भरून निघते. या फायद्याची किंमत किती, हे इस्सस या युरोपीय कीटकावरून समजते. भातशेतीला उपद्रव देणाऱ्या तुडतुड्यांचा हा नातलग. त्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी एकमेकांत अडकणारी खरीखुरी दंतचक्रे असतात, प्रत्येकावर १० ते १२ दाते, आणि त्यांच्यामुळे दोन्ही पाय एका सेकंदाच्या सुमारे तीस-दशलक्षांश भागाच्या फरकाने सुटतात, म्हणून उडी वाकडी जात नाही. माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी केंब्रिजमधून २०१३ साली हा शोध प्रसिद्ध केला. परंतु शेवटची कात टाकून कीटक प्रौढ झाला की ही चक्रे नाहीशी होतात आणि प्रौढ केवळ पायांमधल्या घर्षणावर भागवतो. प्रौढाला पुन्हा कात टाकायची नसते, त्यामुळे एक दाता तुटला तर सगळे चक्र कायमचे निकामी होईल, असे एक स्पष्टीकरण या संशोधकांनी सुचवले आहे. ते बरोबर असेल, तर दंतचक्र बनवण्याची अडचण देहाला नाही. ते सांभाळण्याची आहे, आणि कल्पित यंत्रप्राण्यांच्या आराखड्यांत नेमका हाच विचार राहून जातो.

चाकाबाबत निसर्गाचा नकार आणखी ठाम दिसतो. आसावर मोकळे फिरणारे चाक जिवंत ठेवायचे तर त्यात रक्तवाहिनी आणि चेतातंतू जायला हवेत आणि पहिल्या काही फेऱ्यांतच त्यांना पीळ बसून ते तुटतील. जिवाणूंच्या जगात ही अडचण नसते, कारण तेथे चाक इतके लहान असते की त्याला लागणारे रेणू पाण्यातून आपोआप पसरत पोहोचतात. म्हणूनच अनेक जिवाणूंच्या शेपटीच्या मुळाशी खरी फिरती मोटर आहे. ती इंधनाच्या स्फोटावर न चालता पडद्यातून आत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या ओघावर चालते, जशी पाणचक्की ओहोळावर चालते. समुद्रात राहणाऱ्या एका व्हिब्रिओ जिवाणूची अशी मोटर सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंत फिरल्याचे मोजले गेले आहे.

यापुढे येतो इंधनाचा प्रश्न, आणि त्याचे एक उत्तर दाभोळच्या जुन्या लाकडी जहाजांच्या शत्रूकडे आहे. दाभोळ हे मध्ययुगात इराणच्या आखाताशी आणि तांबड्या समुद्राशी व्यापार करणारे मोठे बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात भारतातून परतताना येथूनच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सेनानी आल्मेदा याने हे बंदर लुटून जाळले. त्या काळातल्या लाकडी जहाजांचा पाण्याखालचा शत्रू म्हणजे टेरेडो, ज्याला जहाजकिडा म्हटले जात असले तरी तो किडा नसून कालव आणि तिसऱ्यांचा नातलग आहे. त्याचे दोन शिंपले आकसून डोक्याकडच्या टोकाला कानशीसारखे उरले आहेत. त्यांनी तो लाकूड कोरतो, मागे राहणाऱ्या बोगद्याला चुन्याचे अस्तर लावतो आणि कोरलेला भुसा पोटात घेतो. लाकडातला सेल्युलोज पचवणारी विकरे त्याला त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू पुरवतात. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने थेम्स नदीखालचा बोगदा खणण्यासाठी जी सरकती ढाल बनवली, तिचा नमुना त्याने याच प्राण्यावरून घेतला असे सांगितले जाते. खोदणे, अस्तर लावणे आणि खोदलेल्या मालावरच इंधन म्हणून चालणे, ही तिन्ही कामे एकाच देहात करणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही.

हिंदी महासागराच्या मध्यभागी, सुमारे २,४०० मीटर खोलीवरच्या उष्णोदकाच्या झऱ्यांजवळ २००१ साली जी गोगलगाय सापडली, तिच्यात तर चिलखत आणि इंधन यांचा हिशोब एकत्र आला आहे. तिच्या पायावर कौलांसारखे रचलेले खवले असतात आणि खवल्यांवर तसेच कवचाच्या बाहेरच्या थरात लोह आणि गंधक यांची संयुगे असतात. तिचे अन्न तिच्या अन्ननलिकेच्या ग्रंथीतले जिवाणू तयार करतात, झऱ्यातल्या गंधकाच्या संयुगांचे ज्वलन करून. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती खवल्यांतल्या सूक्ष्म नळ्यांतून गंधक बाहेर सोडते आणि बाहेरून आत झिरपणाऱ्या लोहाशी त्याचा संयोग होऊन चिलखत तयार होते; ज्या झऱ्याच्या पाण्यात लोह फार कमी आहे तेथे हीच जात लोखंडाशिवाय, फिकट रंगाची आढळते. चिलखताचा कच्चा माल परिसरात नसेल तर देह तो अन्यत्रून आणत नाही, तो लोखंडाविना जगतो.

प्रयोगशाळांनी मात्र उलट दिशेने वाटचाल केली आहे. हार्वर्डमधील किट पार्कर यांच्या गटाने २०१६ साली पाकटाच्या आकाराचा १६ मिलिमीटर लांबीचा एक पोहणारा जीव घडवला: सोन्याचा सांगाडा, लवचीक बहुवारिकाचे शरीर आणि त्यावर उंदराच्या हृदयाच्या सुमारे दोन लाख स्नायुपेशी, ज्या प्रकाशाच्या इशाऱ्यावर आकुंचन पावतात. २०२२ साली याच परंपरेत मानवी मूलपेशींपासून बनवलेल्या हृदयपेशींचा मासा तयार झाला आणि तो शंभराहून अधिक दिवस पोहत राहिला, कारण त्याच्या दोन बाजूंचे स्नायू आळीपाळीने एकमेकांना ताणत होते आणि त्या व्यायामाने ते टिकले. या कृती थक्क करणाऱ्या आहेत आणि हृदयविकार समजून घेण्यासाठी त्यांचे मोल मोठे आहे. पण त्यांतला स्नायू जिवंत असला तरी सांगाडा मृतच राहतो. पेशी आपली प्रथिने नव्याने बनवतात, सोने मात्र एकदा वाकले की वाकलेच. उलट, आफ्रिकी बेडकाच्या पेशींपासून २०२० साली बनवलेले ‘झेनोबॉट’ कापले तरी जखम भरून काढतात, परंतु त्यांच्यात धातूचा कणही नाही. धातू आणि दुरुस्ती ही दोन्ही एकाच देहात हवी असतील, तर पाहावे लागते ते लिंपेटकडेच.

या सर्वांवरून दाभोळच्या खाडीतला एक कल्पित अर्धसजीव यंत्रप्राणी रेखाटायचा झाला, तर तो चित्रपटांतल्या राक्षसांसारखा मुळीच दिसणार नाही. तो लहान असेल, कारण बारीक सुयांचे बळ मोठ्या ओतीव तुकड्यात उतरत नाही. त्याला चाके नसतील. दंतचक्रे असली तर कात टाकण्याच्या वयापुरतीच. त्याचा कठीण भाग एका टोकाला झिजत आणि दुसऱ्या टोकाला जन्मत असेल, त्यामुळे ‘पूर्ण तयार’ अशी त्याची अवस्था कधी येणारच नाही. त्याला लोह पुरवील ती वाशिष्ठी, जी पावसाळ्यात सह्याद्रीची आणि जांभ्याची तांबडी माती घेऊन गढूळ वाहते. आणि त्याच्या अळ्या, लिंपेटच्या अळ्यांप्रमाणेच, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, लवलवत्या केसांनी पोहणाऱ्या आणि अजून एकही लोखंडी दात नसलेल्या अशा, ओहोटीच्या पाण्याबरोबर फेरीबोटीच्या गंजक्या तळाखालून समुद्राकडे जातील आणि एखाद्या खडकावर ठरल्यानंतर पहिला दात घडवू लागतील.