बेपत्ता लेखक आणि मागे राहिलेले घर

सुप्रसिद्ध रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्टी या ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री घरातून नाहीशा झाल्या व अकरा दिवसांनी हॅरोगेट येथील हॉटेलात परक्या नावाने राहत असलेल्या आढळल्या. आत्मचरित्रात त्यांनी याविषयी मौनच पाळले. ते मौन १९७९ च्या ‘अगाथा’ या बोलपटाने एक कल्पित पत्रकार निर्माण करून भरून काढले.

आपल्याकडील कवी ना. वा. टिळकही न सांगता घरातून निघून जात. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना, म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गावर, आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांस बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस धर्मांतर केले, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काही वर्षांचा वियोग आला. मात्र येथे कल्पित पात्राची गरज पडली नाही. मागे राहिलेल्या त्या माउलीनेच ‘स्मृतिचित्रे’त सारे हसतमुखाने सांगितले, विजया मेहता यांनी पुढे तेच पडद्यावर आणले.

जाणारा कोठे गेला, हे प्रेक्षकांचे कुतूहल होय. दाराशी वाट पाहणाऱ्याने दिवस कसे काढले, हे घराने विचारावयाचे असते. आपापल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस, त्या आहेत तोवर, हे अवश्य विचारावे, असे आम्हांस वाटते.