मैदानावरील आज्ञार्थ : शारीरिक शिक्षणातील अध्यापनशैली आणि जीवनकौशल्ये

खेळामुळे विद्यार्थ्याच्या अंगी शिस्त, सहकार्य व नेतृत्व हे गुण बाणतात, असे विधान क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी हटकून केले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही क्रीडेच्या द्वारा जीवनकौशल्ये साध्य व्हावीत अशी अपेक्षा आहे. परंतु खेळ आणि हे गुण ह्यांच्यामधला दुवा कोणता, ह्याचा विचार क्वचितच होतो. एकाच मैदानावर, एकाच खो-खोच्या तासाला एक मुलगा निर्णय घ्यावयास शिकतो आणि दुसरा केवळ वाट पाहावयास शिकतो, हे कसे घडते? खेळ तोच असतो. वेगळी असते ती शिकविण्याची रीत. आणि ही रीत सर्वांत आधी शिक्षकाच्या भाषेत, किंबहुना त्याच्या क्रियापदांत, प्रकट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत निर्णयक्षमता, समस्यापरिहार, चिकित्सक विचार, परिणामकारक संभाषण, समानुभूती, भावनांचे व ताणाचे नियमन इत्यादींचा समावेश होतो. ह्यांपैकी एकही कौशल्य निव्वळ आज्ञापालनाने येणारे नाही. नेमका हाच मुद्दा मस्का मॉस्टन ह्यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनावरील आपल्या ग्रंथात निराळ्या वाटेने मांडला. अध्यापन म्हणजे निर्णयांची साखळी होय, असे त्यांचे गृहीतक आहे. पाठापूर्वीचे निर्णय, पाठ चालू असतानाचे निर्णय आणि पाठानंतरचे मूल्यमापनाचे निर्णय अशा तीन गटांत त्यांनी ही साखळी विभागली. कोणता निर्णय शिक्षक घेतो व कोणता विद्यार्थ्याकडे जातो, त्यावरून शैली ठरते. पहिल्या, म्हणजे आज्ञाशैलीत, सर्व निर्णय शिक्षकाचे. तेथून पुढे एकेक निर्णय विद्यार्थ्याकडे सरकत जातो.

खानदेशात ह्या विवेचनाला भाषेचा आणखी एक पदर आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कितीतरी विद्यार्थ्यांची घरची बोली अहिराणी आहे. जळगावच्या पूर्व भागात लेवा बोली, तर शिरपूर, चोपडा, यावल ह्या तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या भागात पावरी ऐकू येते. ग्रियर्सन ह्यांनी भाषासर्वेक्षणात खानदेशीची मांडणी मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांसोबत केली होती. तो वाद येथे बाजूला ठेवू. महत्त्वाचे एवढेच, की ज्या मुलाच्या तोंडी ‘इकडे’च्या जागी ‘आठे’ आणि ‘पळ’च्या जागी ‘पय’ आहे, त्याला मैदानावर स्पष्टीकरण मिळते ते प्रमाण मराठीत आणि हुकूम मिळतात ते हिंदीत : ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मूड’, ‘थम’.

ह्या हुकुमांची रचना मोठी मार्मिक आहे. ‘दाहिने’ हा सूचनेचा भाग आणि ‘मूड’ हा कृतीचा. पहिला शब्द शरीराला तयार ठेवतो, दुसऱ्यावर ते हलते. उत्तर देण्यास, शंका विचारण्यास अथवा पर्याय सुचविण्यास ह्या रचनेत जागाच ठेवलेली नाही. ठेवली तर संचलन मोडेल. चूक झाली की ‘जैसे थे’ हा हुकूम येतो. (तो मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत शिरून कायम झाला, ही शब्दाच्या प्रवासाची गंमतच म्हणावयाची.) येथे चूक पुसून टाकली जाते, तपासली जात नाही.

म्हणून आज्ञाशैली त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. भालाफेकीच्या तासाला, फेकलेले भाले कोणी व केव्हा आणावयाचे हा निर्णय साठ मुलांवर सोपविणारा शिक्षक उदारमतवादी नव्हे, बेजबाबदार होय. संचलनातून एककालिकता आणि स्वत:वरील संयम हे गुण येतात, आणि त्यांचे मोल आहे. आक्षेप आहे तो एवढाच, की संचलनासाठी घडलेली ही भाषा पुढे खेळाच्या तासालाही तशीच चालू राहते.

खो-खोचेच उदाहरण घ्यावे. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. धावताना मध्यरेषा ओलांडावयाची नाही, एकदा घेतलेली दिशा बदलावयाची नाही. दिशा बदलण्याचा मार्ग म्हणजे बसलेल्या गड्याला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ देणे. पाठलाग करणाऱ्याला क्षणोक्षणी निर्णय घ्यावयास लावणारा असा हा खेळ आहे. परंतु रेषेबाहेर उभा राहून शिक्षक ‘दे खो, दे!’ असे ओरडू लागला, की निर्णय त्याचा आणि पाय मात्र मुलाचे.

आता शिक्षक डाव संपेपर्यंत गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘तू त्यालाच खो का दिलास?’ तर? वरकरणी हा प्रश्न आहे. पण मराठीत, विशेषत: वडीलधाऱ्याच्या तोंडी, ‘का दिलास’ हा बहुधा ठपका असतो. विद्यार्थी तो तसाच ऐकतो व ‘चुकलं, सर’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी ‘त्या वेळी आणखी कोणाला खो देता आला असता?’ असे विचारले, तर क्रियापदाचे रूप संकेतार्थी होते. घडले नाही पण घडू शकले असते, अशा पर्यायांचा विचार त्याला करावा लागतो. चिकित्सक विचार व समस्यापरिहार ह्या भारदस्त संज्ञांचा मैदानावरचा अर्थ हाच. आज्ञार्थाकडून संकेतार्थाकडे होणारा हा बदल व्याकरणाच्या दृष्टीने लहान, पण अध्यापनाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

मॉस्टन ह्यांची परस्परशैली खानदेशातील वर्गांना विशेष उपयोगी पडावी. तीत विद्यार्थ्यांच्या जोड्या लावतात. एक कृती करतो, दुसरा निरीक्षण करून त्याला प्रतिसाद देतो. निकष शिक्षक ठरवून देतो. गोळाफेकीत गोळा मानेला टेकलेला आहे काय, कोपर खाली पडते काय, फेकीनंतर पाय वर्तुळाबाहेर जातो काय, असे दोनचार. ह्या शैलीचा एक कडक नियम आहे : शिक्षकाने बोलावयाचे ते निरीक्षकाशी, कृती करणाऱ्याशी नव्हे. तो मोडला की निरीक्षकाची भूमिका संपलीच. साठांच्या वर्गात एका शिक्षकाच्या दोन डोळ्यांऐवजी तीस जणांचे डोळे कामाला लागतात, हा त्यातला व्यावहारिक लाभ. पण त्याहून मोठी गोष्ट भाषेची आहे. ह्या जोडीत मुले आपल्या बोलीत बोलू लागतात. जो मुलगा प्रमाण मराठीत प्रश्नाचे उत्तर देताना अडखळतो, तोच सोबत्याला ‘आठे’ आणि ‘तठे’ असा हात धरून अचूक दाखवितो. सोबत्याचे मन न दुखविता त्याची चूक सांगणे हे संभाषणकौशल्य आहे आणि समानुभूतीही. ते परक्या भाषेत प्रथम शिकणे कठीण. शिक्षकाने येथे बोलीची दुरुस्ती करावयास घेतली, तर मुले पुन्हा गप्प होतात.

ही कल्पना आपल्याकडे सर्वस्वी परकी आहे असेही नाही. तालमीत वस्ताद जोड लावून देतो, पकडीतला बारकावा आधी आलेला मल्ल नव्याला सांगतो, आणि बरेचसे शिक्षण लढतीच्या अंगानेच होते. अर्थात वस्तादाचा शब्द तेथे अखेरचा असतो, हे विसरून तालमीला लोकशाहीचे नमुनेदार रूप मानणे भाबडेपणाचे होईल.

मैदानावर आलेले कौशल्य जीवनात आपोआप उतरते, हे मात्र गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत डॉन हेलिसन ह्यांनी वैयक्तिक व सामाजिक जबाबदारीच्या अध्यापनाचे जे प्रतिमान मांडले, त्यात मैदानाबाहेरील आचरण ही स्वतंत्र व अखेरची पायरी मानली आहे. तिच्यासाठी तासाच्या शेवटी मुलांशी मुद्दाम बोलावे लागते. आपल्याकडे तास संपतो तो शिटीने, आणि ‘विसर्जन’ ह्या हुकुमाने.

प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या पाठटाचणात ‘अध्यापक-कृती’ आणि ‘विद्यार्थी-कृती’ असे दोन रकाने असतात. पहिला भरगच्च असतो. दुसऱ्यात बहुधा एकच वाक्य वरपासून खालपर्यंत उतरत जाते : ‘विद्यार्थी आज्ञेप्रमाणे कृती करतील.’ निरीक्षणास आलेला प्राध्यापक पहिल्या रकान्यावर शेरे लिहितो. दुसऱ्या रकान्यातील क्रियापदांवर शेरा क्वचितच पडतो.