अवघडपणाचे अर्थशास्त्र

बुलढाणा जिल्ह्याचे नाव जगाच्या विज्ञानविषयक नकाशावर आहे ते लोणारमुळे. अवकाशातून आलेला एक पाषाण दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर मागे राहिले. या विवराचे वय काही संशोधक ५० हजार वर्षांच्या आसपास मानतात, तर काही साडेपाच लाख वर्षांहून अधिक मानतात. वाद वयाचा आहे, कारणाचा नाही. त्या पाषाणाचे लोणारशी वैर नव्हते; गतीच्या नियमाने तो आला आणि वाटेत पृथ्वी आली, एवढेच. निसर्गाच्या या निर्विकारपणावर एक विज्ञानकल्पित व्हिडिओ गेम उभा राहिला आणि जगभर गाजला. दोनच वर्षांत निघालेल्या त्याच्या दुसऱ्या भागाने हा निर्विकारपणा सोडला आणि तो मागे पडला. असे का झाले, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. अवघडपणा कोणासाठी आणि कशासाठी वाढवावा, या शिक्षक व विद्यार्थी यांच्या रोजच्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

पहिला खेळ म्हणजे अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘ॲस्टेरॉइड्स’, म्हणजेच लघुग्रह. लाइल रेन्स यांच्या कल्पनेवरून एड लॉग यांनी रचलेला हा खेळ नोव्हेंबर १९७९ मध्ये बाजारात आला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचे एक त्रिकोणी यान आणि त्याच्याभोवती तरंगणारे दगड, एवढाच त्याचा संसार. यान डावीउजवीकडे वळते, जोर लावला की पुढे जाते आणि जोर काढला तरी बराच वेळ वाहत राहते. थांबायचे असेल तर उलट वळून जोर लावावा लागतो. मोठ्या दगडावर गोळी मारली की त्याचे दोन मध्यम दगड होतात, मध्यमाचे दोन लहान होतात आणि लहान दगड नाहीसा होतो. मोठ्याला २०, मध्यमाला ५० आणि लहानाला १०० असे गुण मिळतात.

या रचनेतील मर्म असे की, संकट बहुतांशी खेळणाराच निर्माण करतो. जो अधीरपणे सगळेच मोठे दगड फोडतो, त्याच्याभोवती तुकड्यांचे मोहोळ उठते. जो एकेक दगड निवडून संपवतो, त्याला वाट मोकळी राहते. आपण का हरलो, हे हरणाऱ्याला तत्काळ कळते. चूक कळली की पुढच्या डावात ती सुधारता येते. अवघड असूनही हा खेळ शिकवणारा होता, तो या अर्थाने.

परंतु यंत्राच्या मालकाचा हिशेब निराळा होता. पंचवीस सेंटचे नाणे टाकून चालणाऱ्या यंत्राचा वेळ हा नाशवंत माल असतो. एस.टी.ची रिकामी गेलेली जागा जशी पुन्हा विकता येत नाही, तसा यंत्राचा गेलेला तासही विकता येत नाही. त्या तासात किती नाणी पडली, यावर सारा धंदा अवलंबून असतो. नवशिक्याचा डाव दोनतीन मिनिटांत आटोपतो; मुरलेला खेळाडू एका नाण्यावर तासन् तास यंत्र अडवून बसतो. म्हणजे गिऱ्हाइकाचे कौशल्य हीच मालकाची तूट. इतर धंद्यांत जाणते गिऱ्हाईक हा ठेवा असतो. येथे तो बोजा ठरला.

त्यातच खेळाडूंनी एक युक्ती शोधून काढली. अधूनमधून येणारी लहान उडती तबकडी पाडली की १,००० गुण मिळत आणि १०,००० गुणांवर एक नवे यान मिळे. म्हणजे दहा तबकड्या पाडल्या की एक आयुष्य वाढले. खेळाडू एखाददुसरा दगड मुद्दाम शिल्लक ठेवत, पडद्याच्या कडेला दबा धरून बसत आणि तबकड्यांची शिकार करत. पडद्याच्या एका कडेतून सुटलेली गोळी दुसऱ्या कडेतून निघे, त्याचाही ते लाभ घेत. ही वाट कोठवर नेऊ शकते, हे १९८२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी एका अमेरिकन किशोराने एकाच नाण्यावर दोन दिवसांहून अधिक काळ खेळून चार कोटी तेरा लाखांवर गुण मिळवले.

१९८१ चा दुसरा भाग, ‘ॲस्टेरॉइड्स डीलक्स’, हे या युक्तीला दिलेले उत्तर होते. तबकड्या आता पडद्याच्या कडेपलीकडूनही नेम धरू लागल्या, त्यामुळे दबा धरण्याची जागा सुरक्षित राहिली नाही. शिवाय मारक उपग्रह नावाची एक नवी वस्तू आली. षटकोनी आकाराची ही वस्तू फोडली की तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे यानाचा पाठलाग करू लागतात.

तुलना न्यायाने करायची तर दुसऱ्या भागाचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. पहिल्या भागात अडचणीच्या वेळी एकदम अदृश्य होऊन पडद्यावर भलत्याच ठिकाणी प्रकट होण्याची सोय होती. हा निव्वळ जुगार होता. प्रकट होतानाच यान फुटण्याचाही संभव असे. दुसऱ्या भागात तिच्या जागी ढाल आली. ढाल वापरली की झिजते, म्हणून ती काटकसरीने वापरावी लागते. नशिबाच्या जागी विवेक आला, ही सुधारणाच होय. दगडही आता स्वतःभोवती फिरू लागले आणि चित्राला निळसर झाक आली. कारागिरीच्या दृष्टीने दुसरा भाग सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही त्याला पहिल्याची सर आली नाही. पहिल्या भागाची सुमारे ७० हजार यंत्रे खपल्याचे सांगितले जाते. दुसऱ्याचा खप त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही. याला केवळ अवघडपणा कारण नव्हता. ‘पॅकमॅन’सारखे नवे प्रतिस्पर्धी १९८० मध्येच बाजारात आले होते. उलट, १९८१ चाच ‘डिफेंडर’ हा खेळ त्याहून कठीण होता. एक दांडा आणि पाच बटणे सांभाळता सांभाळता नवखा मनुष्य पहिल्या मिनिटालाच गारद होई. तरी त्या खेळाला अफाट यश मिळाले. कारण त्याचा अवघडपणा नव्या जगाचा होता. ‘डीलक्स’चा अवघडपणा जुन्याच जगात वरून घातलेला होता. लोकांनी नाणी खर्चून जे कौशल्य कमावले होते, ते त्यांचे भांडवलच होते. नियम बदलताच त्या भांडवलाचे अवमूल्यन झाले. त्यात नवशिक्यांचे काहीच भले झाले नाही. दबा धरणारे मूठभर होते, पाठलाग करणारा उपग्रह मात्र सर्वांच्याच मागे लागला. चोर सापडेना म्हणून साऱ्या गावाला दंड करावा, तसा हा प्रकार झाला.

आणखी एक फरक सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. पहिल्या भागातील दगड लोणारच्या पाषाणासारखे निर्वैर होते. दुसऱ्या भागात खेळणाऱ्याच्या पाठीस लागणारा शत्रू आला. निर्वैर दगडाशी झुंजताना मनुष्य स्वतःची चूक शोधतो; पाठलाग करणाऱ्या शत्रूशी झुंजताना तो यंत्राला दोष देतो. शिकण्याची वृत्ती पहिल्या स्थितीत वाढते, दुसऱ्या स्थितीत खुंटते.

हा विचार परीक्षांनाही लागू पडतो. पाठांतराच्या आणि अंदाजाने उत्तरे टिपण्याच्या युक्त्या बोकाळल्या की परीक्षेचे स्वरूप बदलावेसे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले. २०२३ च्या आरंभी पुण्यात परीक्षार्थींनी आंदोलन केले आणि नव्या पद्धतीची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. वर्णनात्मक उत्तरांतून विचारशक्ती अधिक पारखली जाते, हे खरे. पण मेहकर-चिखलीकडील एखाद्या विद्यार्थ्याने खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे भरून दोनतीन वर्षे एका पद्धतीची तयारी केलेली असते, हेही तितकेच खरे. सुधारणा योग्य असली तरी तिची किंमत कोण भरणार, हा प्रश्न सुधारणेइतकाच महत्त्वाचा असतो. पुरेशी पूर्वसूचना देणे ही अशा वेळी मेहेरबानी नसून न्याय असतो.

नाण्याच्या यंत्रांचा काळ मागे पडला, हिशेब मात्र नवे रूप घेऊन मोबाइलवर आला आहे. अनेक खेळ आरंभी मुद्दाम सोपे ठेवलेले असतात. गोडी लागली की वाट अडवली जाते आणि ती मोकळी करण्यासाठी पैसे मागितले जातात. जुने यंत्र निदान हरवून पुन्हा प्रयत्न करायला लावत असे. येथे प्रयत्नाची जागाच विकत मिळते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कायदा जुगाराला अटकाव करू शकेल. पण कोणता अवघडपणा शिकवतो आणि कोणता केवळ खिसा रिकामा करतो, हे ओळखण्याची दृष्टी कायद्याने येत नाही. ती घरात आणि वर्गातच द्यावी लागते.

अटारीचे हे दोन्ही खेळ जुन्या खेळांच्या संग्रहातून आजही घरच्या संगणकावर खेळता येतात. विज्ञानाच्या शिक्षकाने ते एकापाठोपाठ एक मुलांसमोर मांडावेत. जडत्वाचा नियम पहिल्यात चांगला समजेल; साधनांचा काटकसरीने वापर दुसऱ्यातील ढाल शिकवील. त्यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा: तुम्ही हरलात तेव्हा चूक कोठे झाली, हे तुम्हाला सांगता आले का? ज्या खेळात, ज्या परीक्षेत आणि ज्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर मिळते, तेथील अवघडपणा सोसण्याजोगा असतो. जेथे ते मिळत नाही, तेथे तो कोणाच्या फायद्यासाठी ठेवला आहे, हे तपासून पाहिलेच पाहिजे.