खिशातली विजेरी निवडताना

विजेरी घेताना तुम्ही प्रथम काय पाहता? बहुधा उजेड. त्याआधी झाकण उघडा व आत कोणते सेल बसतात ते पाहा. साधे पेन्सिल सेल बसत असतील तर उत्तम. ते खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. अशा एका सेलचा दाब १.५ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला मात्र सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून एकाच सेलवर चालणाऱ्या विजेरीत दाब वाढवणारे चिमुकले मंडल असते.

धातूची नळी व झाकणाखाली रबरी कडे असले की पडझड आणि पाऊस सोसतो. पण विजेरीचा खरा शत्रू तिच्या पोटातच असतो! स्वस्त सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव. वीज देताना हे जस्तच खर्ची पडते. भांडे पातळ होत जाते, शेवटी त्याला भोक पडते आणि आतला क्षारयुक्त द्रव पाझरून स्प्रिंग गंजते. अल्कलाइन सेलचे भांडे पोलादी असते. तरी संपलेला सेल आत राहिला, तर तोही पाझरू शकतो. जुन्या सेलला नव्याची जोड देऊ नका. जुना आधी रिता होतो, आणि मग नवा त्याच्यातून वीज ढकलत राहतो.

तेव्हा झाकण बोटांनी सहज फिरते ना, तेही दुकानातच पाहा. म्हणजे सेल काढून ठेवायचा कंटाळा येणार नाही.