बेस गिटारची चपटी तार

हत्यार निवडताना जाणता कामगार प्रथम काम पाहतो. विजेवर वाजणाऱ्या बेस गिटारच्या, म्हणजे खर्जातल्या गिटारच्या तारांनाही हाच न्याय लावावा. या तारेचा गाभा पोलादाचा असतो व त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. गुंडाळी गोल तारेची असली, तर नाद लखलखीत व लांबणारा निघतो. पण बोट सरकताना करकर ऐकू येते आणि पडदे लवकर झिजतात. गुंडाळी चपट्या पट्टीची असली, तर तार हाताला गुळगुळीत लागते; नाद भरीव, पण आखूड. ठेका सांभाळणाऱ्याला बहुधा हाच उपयोगी पडतो.

या तारेला पैसे अधिक पडतात हे खरे. पण ती वर्षानुवर्षे टिकते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा वादक जेम्स जेमरसन जाड चपट्या तारा लावी. त्यांतली सर्वांत जाड ०.११० इंचाची. तुटल्याखेरीज तो त्या बदलीत नसे. मात्र जाडीबरोबर ताणही पाहावा. ताण वाढला की बोटांना श्रम पडतात, दांडीला बाक येतो आणि ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

आखूड नादाची तार गाणाऱ्याला जागा करून देते आणि स्वतः मागे राहते. जेमरसनचेही तसेच झाले. १९६० नंतरच्या दशकात त्याने कितीतरी गाण्यांना पाया दिला. पण मोटाउनच्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव आले ते १९७१ साली, मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तार मागे राहिली तर गाणे खुलते. राबणाऱ्याचे नाव मागे राहण्याचे मात्र काही कारण नाही.