कर्ण्याच्या पेटीचं वय

पोरांनो, ही लोखंडी पेटी म्हणजे कर्ण्याचा जुना ॲम्प्लिफायर. सायखेड्यात लग्न असलं की कर्णा झाडावर आणि ही मांडवाच्या कोपऱ्यात. बटण दाबलं तरी लगेच आवाज यायचा नाही. आधी वॉल्व्ह, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्या, तापायचे, मग गोदाकाठी सनई घुमायची.

तापायचे कशाला? धातूच्या आत इलेक्ट्रॉन मोकाट धावत असतात, पण धातू सोडून बाहेर पडता येत नाही त्यांना. चांगलं तापवलं की काहींच्या अंगात जोर येतो आणि ते बाहेर उडतात. नुसत्या टंगस्टनला त्यासाठी दोन हजार अंशांच्या वर न्यावं लागतं. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप दिला, तर सात-आठशे अंशांत भागतं. म्हणून आत नुसता शेंदरी उजेड दिसतो.

१९०४ साली फ्लेमिंगनं या उडत्या कणांना एकाच दिशेनं जायला लावलं. दोन वर्षांनी डी फॉरेस्टनं वाटेत एक तार घातली, तिचीच पुढे जाळी झाली, आणि खरी गंमत सुरू झाली. पाटाचं दार एक माणूस फिरवतो आणि शिवारभर पाणी कमीजास्त होतं ना? तसा मायक्रोफोनचा इवलासा दाब जाळीवर पडतो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर हलतो.

काचेच्या टोकाला चंदेरी डाग दिसतो का? तो बेरियमचा. आत चुकून उरलेली हवा तो गिळतो. डाग पांढराफटक पडला, की काचेत हवा शिरली म्हणून समजा. तो वॉल्व्ह मेला.

आता हिचं वय. वॉल्व्हवर बीईएल लिहिलंय. बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात वॉल्व्ह १९६१ पासून होऊ लागले, म्हणजे हा वॉल्व्ह त्याआधीचा नाही. पण पेटी? वॉल्व्ह काय, कुणीही बदलतो! म्हणून मी वॉल्व्ह बसवायची पत्र्यातली भोकं बघतो. आठ पायांचं रुंद बूड १९३५ च्या सुमाराला आलं, नऊ पायांचे बारके वॉल्व्ह चाळिशीच्या दशकाच्या शेवटी. भोक बदलायचं तर पत्रा कापावा लागतो, आणि तो कापलेला लपत नाही.

हं, हात नको! बटण बंद असलं तरी कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट दबा धरून असू शकतात.

अमेरिकेतल्या जुन्या गिटार ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांवर तर आकडेच छापलेले असतात. ट्रान्सफॉर्मरवर ६०६५१२ असेल, तर ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी, ५ हे वर्ष, १२ हा आठवडा. आता हा पाच पंचावन्नचा की पासष्टचा? आत वीज एकदिश करायला सिलिकॉनचे डायोड असतील तर पासष्टकडे झुकायचं. पंचावन्नला तिथं सहसा वॉल्व्हच असे. पण आधी डायोडचा डाख निरखायचा. तो ताजा चमकत असेल, तर कुण्या कारागिरानं वॉल्व्ह काढून डायोड बसवलेत. मग ट्रान्सफॉर्मरमधून त्या वॉल्व्हला तापवणारी पाच व्होल्टची जोडतार अजून बाहेर लोंबते का, ते शोधायचं.