कळसूबाई : सहकुटुंब शिखरयात्रा

अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सरहद्दीवरील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वोच्च असले, तरी बारी गावी मुक्काम करून पहाटेच निघणाऱ्या, मुलाबाळांसह आणि इष्टमित्रांसह आलेल्या मंडळींना ते मुळीच दुर्लभ नाही. कारण जेथे कातळ अगदी उभा होतो, तेथे लोखंडी शिड्यांचा बंदोबस्त आहे. शिडीच्या मध्यावर कठडा घट्ट धरून थबकलेली चिमुकली पुतणी जेव्हा धीर करून पुढचे पाऊल टाकते, तेव्हा त्या यःकश्चित वाटणाऱ्या पराक्रमाचे कौतुक तत्क्षणीच करावे. माथ्यावर देवीचे छोटेखानी मंदिर असून, निरभ्र दिवशी अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय दिसतो. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात; सबब मुले बरोबर असल्यास हिवाळाच पसंत करावा.